खतावणीबाहेरचा जीव

मुंबई शहरात प्राण्यांवरील दयेला सार्वजनिक संस्थांचे रूप आले ते कुत्र्यांमुळे, ही गोष्ट आज फारशी कोणाच्या स्मरणात नसली तरी इतिहासाच्या दप्तरात ती नोंदलेली आहे. १८३२ च्या जून महिन्यात कंपनी सरकारच्या अंमलदारांनी मोकाट कुत्री मारण्याची मोहीम नव्या जोमाने हाती घेतली; मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे इनाम ठरलेले असल्याने शिपायांनी दारात बसलेली पाळीव कुत्रीही सोडली नाहीत; आणि ज्यांच्या धर्मात अंत्यविधीच्या वेळीही मृतावर कुत्र्याची दृष्टी पडणे पवित्र मानतात, त्या पारशी समाजाने दुकाने बंद ठेवून आणि रस्त्यावर उतरून जो क्षोभ प्रकट केला, त्याला शहराच्या इतिहासात कुत्र्यांची दंगल हेच नाव पडले. दंगल मोडून काढण्यात आली. परंतु दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि शेठ मोतीशा यांच्या पुढाकाराने मुंबईत पांजरपोळ उभी राहिली. १८७४ मध्ये प्राण्यांचा छळ रोखणारी मंडळी स्थापन झाली. पुढच्या दशकात दिनशा माणेकजी पेटिट यांच्या औदार्यातून परळला बाई साकरबाई यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय झाले. आणि त्याच्या आश्रयाने १८८६ मध्ये पशुवैद्यकाचे महाविद्यालय सुरू झाले.

मात्र ज्या जिवासाठी शहराने आपली दुकाने बंद ठेवली, तो जीव या विद्येच्या केंद्रस्थानी कधीच आला नाही. पुण्यात १८६२ मध्ये पशुवैद्यकाची जी शाळा निघाली ती लष्करासाठी होती; १८७१ मध्ये ज्या आयोगाने सरकारला अहवाल सादर केला त्याचा विषय गुरांच्या साथी हा होता; आणि स्वातंत्र्यानंतर पशुसंवर्धन खात्याचा जो विस्तार झाला, खेडोपाडी श्रेणी एक आणि श्रेणी दोनचे जे पशुवैद्यकीय दवाखाने उघडले, त्यांची सारी मांडणी दूध, मांस, अंडी, लोकर आणि ओढकाम या उत्पन्नाच्या सदरांवर झाली. कृषिप्रधान देशात हे स्वाभाविकच होते, आणि त्याबद्दल गाऱ्हाणे करणे म्हणजे दुष्काळी गावात फुलबागेसाठी पाणी मागण्यासारखे ठरले असते. २०२२ मध्ये लम्पी रोगाने महाराष्ट्रातील गोठे रिकामे होऊ लागले तेव्हा राज्य सरकारने दगावलेल्या दुभत्या गाईमागे ३०,०००, बैलामागे २५,००० आणि वासरामागे १६,००० रुपये भरपाई जाहीर केली, आणि ती योग्यच होती. सरकारच्या खतावणीत गाईला पान आहे, बैलाला आहे, शेळीलाही आहे. कुत्र्याला नाही, कारण जो प्राणी काहीच उत्पन्न करीत नाही, त्याच्या आजारपणाचा खर्च कोणत्या सदराखाली मांडावा, असा पेच कोणत्याही कारकुनाला पडावा.

तोच पेच आज शहरांतल्या असंख्य घरांत कर्त्या माणसाला पडतो आहे. वाड्याच्या दारात शिळ्या भाकरीवर वाढणारा आणि आजारी पडला तर कोपऱ्यात जाऊन आपोआप बरा होणारा किंवा आपोआप मरणारा कुत्रा आता सदनिकेत राहू लागला आहे, पलंगावर झोपू लागला आहे, आणि त्याच्या दुखण्याला पशुवैद्यकाने नावे व औषधे दिली आहेत. उपचार उपलब्ध झाले की ते न करण्याची जबाबदारीही माणसावर येते, आणि या नव्या जबाबदारीसाठी आपल्या घरगुती अर्थव्यवस्थेत काहीही तरतूद नाही. ही तरतूद लोक कशी करतात, कुठे चुकतात आणि कशापायी चुकतात, हे पाहावे म्हणून गेल्या पावसाळ्यात पुण्याच्या पश्चिमेकडील उपनगरातल्या एका छोट्या दवाखान्यात काही संध्याकाळी मी बसलो. तेथे जे पाहिले व ऐकले, त्यातील माणसांची नावे येथे दिलेली नाहीत.

दवाखान्याचा बाक

दोन गाळे जोडून केलेला हा दवाखाना. बाहेरच्या गाळ्यात लाकडी बाक, कोपऱ्यात वजनाचा सपाट काटा, आतल्या गाळ्यात स्टीलचे टेबल आणि सलाईनचे चार स्टँड. डॉक्टरीणबाई शिरवळच्या महाविद्यालयाच्या पदवीधर, वयाने चाळिशीच्या आतबाहेर. बाकावर बसलेली माणसे एकमेकांना नावाने ओळखत नाहीत. ती ‘सिंबाचे बाबा’ किंवा ‘मोतीची आई’ म्हणून ओळखली जातात, आणि मदतनीस मुलगी केसपेपर वाचून ‘ब्रूनो कुलकर्णी’ अशी हाक मारते तेव्हा एक गृहस्थ संकोच न करता उठून उभे राहतात. कुत्र्याला आडनाव मिळाले, इतपत त्याचा कुटुंबात समावेश झालेला आहे. परंतु शिधापत्रिकेत तो नाही, नोकरीच्या ठिकाणच्या आरोग्यविम्यात नाही, आणि आयकरातली आरोग्यखर्चाची वजावट त्याच्या औषधपाण्याला लागू नाही.

पुण्या-मुंबईत खासगी पशुवैद्याची एका वेळची तपासणी साधारणपणे पाचशे ते हजार रुपयांत होते. त्यात रक्ताची तपासणी, क्ष-किरण, सोनोग्राफी यांपैकी एखादी भर पडली की पावती हजारांत जाते, आणि जनावर दाखल करावे लागले तर दर दिवसाचा आकडा वेगळा. हे दर ऐकून बाकावरचे पुष्कळ लोक हळूच म्हणतात, की माणसाचा डॉक्टर यापेक्षा स्वस्त पडतो. तुलना चुकीची नाही, पण अपुरी आहे. माणसांच्या सार्वजनिक रुग्णालयांमागे सरकारचा आणि महानगरपालिकांचा पैसा उभा असतो, खासगी रुग्णालयांमागे विमा कंपन्या असतात. सोनोग्राफीचे यंत्र आणि रक्त तपासण्याचे यंत्र मात्र पशुवैद्यालाही बाजारभावानेच विकत घ्यावे लागते, आणि त्याचे भाडे, पगार व हप्ते त्या मानाने थोड्याच रुग्णांच्या शुल्कातून निघावे लागतात. पशुवैद्यकीय दवाखान्याच्या सेवेवर वस्तू व सेवा कर नाही, एवढीच काय ती सरकारची सवलत. दवाखान्यातली पावती मोठी दिसते, कारण ती पूर्ण पावती असते. आपल्या स्वतःच्या आजारपणाची पूर्ण पावती आपल्यापैकी अनेकांनी कधी पाहिलेलीच नसते.

गोचिडीचा मामला

बाकावरच्या दर तीन-चार कुत्र्यांमागे एकाला, निदान पावसाळ्यात, ज्या व्याधीसाठी आणलेले असते तिला सगळे ‘टिक फीवर’ म्हणतात. टिक म्हणजे गोचीड; जुन्या पिढीला ती गुरांच्या अंगावरची म्हणून माहीत होती. कुत्र्याच्या अंगावरची तपकिरी गोचीड निराळी, आणि तिचा स्वभाव घरमालकाच्या दृष्टीने अधिक उपद्रवी. ती रक्त पिऊन कुत्र्याच्या अंगावरून उतरते, भिंतीच्या भेगेत, पलंगाच्या सांध्यात, पडद्याच्या घडीत शिरते, एका वेळी हजारोंनी अंडी घालते, आणि अन्नावाचून महिनोन् महिने दम धरून राहते. म्हणून कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्या गोचिडी एकूण सैन्याचा एक लहानसा हिस्सा असतात. बाकीचे सैन्य घरात दबा धरून असते.

तिच्या चाव्यातून जे रोग येतात त्यांचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. तांबड्या रक्तपेशी फोडणाऱ्या बॅबेसिया गिब्सोनी या सूक्ष्म जीवाचे पहिले वर्णन पॅटन या संशोधकाने १९१० मध्ये केले, तेही आपल्याच देशात, मद्रासच्या शिकारी क्लबातील कुत्र्यांच्या रक्तात. एर्लिकिया या जिवाणूचा शोध दोनातिएँ आणि लेस्तोकार या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९३५ मध्ये अल्जीरियात लावला. आणि त्याचे खरे सामर्थ्य जगाला कळले ते व्हिएतनामच्या युद्धात, जेव्हा अमेरिकन सैन्याची शेकडो प्रशिक्षित कुत्री नाकातून रक्त वाहून मरू लागली. तोच जिवाणू आज कोथरूड-कर्वेनगरच्या बाल्कनीत आहे.

त्याच्या उपचारात खर्च कसा वाढत जातो, हे एका निवृत्त दांपत्याच्या बाबतीत मला पायरीपायरीने पाहता आले. आठ वर्षांची लॅब्राडोर जातीची कुत्री जेवत नाही म्हणून त्यांनी आणली. तपासणीत ताप निघाला, हिरड्या फिकट निघाल्या, रक्तात प्लेटलेट्स फार उतरलेल्या निघाल्या. डॉक्सीसायक्लिन हे एर्लिकियावरचे औषध स्वस्त असते, पण ते साधारण चार आठवडे अखंड द्यावे लागते. आणि खर्चाचा मुख्य भाग गोळ्यांत नसून पुनःपुन्हा कराव्या लागणाऱ्या रक्ततपासण्यांत असतो. त्यातच बॅबेसिया निघाला, तर पुष्कळदा अ‍ॅटोव्हाक्वोन नावाचे जे औषध लागते, ते माणसांच्या हिवतापासाठी निघालेले आणि किमतीने चांगलेच चढे. त्यांच्या कुत्रीच्या प्लेटलेट्स पुन्हा उतरल्या. मग रक्त चढवावे लागले.

“तिसऱ्या पावतीनंतर यांनी रक्कम वाचणंच सोडलं,” आजी मला म्हणाल्या, “आणि मी रात्री बेरीज करत बसले. पेन्शनच्या दीड महिन्याइतकी झाली होती.” आजोबांनी त्यांच्याकडे न पाहता उत्तर दिले, “बेरीज केलीस, पण मला सांगितली नाहीस.” या दोन वाक्यांत मला या सबंध विषयाचे मर्म सापडले, असे आज वाटते. तीन महिने पुरेल अशी गोचीडरोधक गोळी वजनाप्रमाणे हजार ते दोन हजार रुपयांना मिळते. ती महाग म्हणून दोन वर्षे टाळलेली होती. ही गोष्ट दोघांनाही ठाऊक होती आणि दोघांपैकी कोणीही ती उच्चारली नव्हती.

‘पैशाचं काही बघू नका’

लहान पिल्लांचा काळ म्हणून ज्याची ख्याती आहे तो पार्व्हो विषाणू फारसा जुना नाही. १९७८ मध्ये तो प्रथम ओळखला गेला आणि अल्पावधीत साऱ्या जगात पसरला. उलटी, रक्तमिश्रित जुलाब आणि झपाट्याने होणारा पाण्याचा ऱ्हास ही त्याची लक्षणे; उपचाराविना बहुतेक पिल्ले काही दिवसांत दगावतात, आणि सलाईन, उलटीवरची औषधे व दुय्यम जंतुसंसर्गावरची प्रतिजैविके वेळेवर मिळाली तर बहुतेक वाचतात. हा विषाणू जमिनीवर महिनोन् महिने जिवंत राहतो, आणि घरोघरी वापरल्या जाणाऱ्या फिनाईलला दाद देत नाही. त्याला ब्लीचिंगचेच पाणी लागते. म्हणूनच एका पिल्लाच्या मृत्यूनंतर महिन्याभरात त्याच घरात आणलेले दुसरे पिल्लूही त्याच वाटेने जाते, आणि शेजारी त्याला घराचा दोष समजतात. जन्मानंतर सहा ते आठ आठवड्यांपासून सोळाव्या आठवड्यापर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दिलेल्या लशींनी ही सारी आपत्ती टळते, आणि त्या साऱ्या लशींचा खर्च पार्व्होच्या उपचाराच्या दोन दिवसांतही निघून जातो.

एका आठवड्यात पार्व्होची दोन पिल्ले त्या दवाखान्यात आली. पहिले एका तरुण जोडप्याचे, दोघेही संगणकाच्या व्यवसायात, पिल्लू उंची जातीचे आणि विक्रेत्याकडून बऱ्याच हजारांना घेतलेले. तो तरुण आत येताच म्हणाला, “डॉक्टर, पैशाचं काही बघू नका, फक्त याला वाचवा.” दुसरे पिल्लू एका रिक्षाचालकाचे, वस्तीतल्या कुत्रीचे, मुलीने हट्टाने घरी आणलेले. तो दारातच उभा राहिला आणि म्हणाला, “मॅडम, टोटल किती होईल ते आधी सांगा. माझ्याकडं चार हजार आहेत. त्यात काय होतंय ते बघा, नाय झालं तर तसंबी सांगा.”

डॉक्टरीणबाईंनी त्याला दाखल करायला सांगितले नाही. सकाळ-संध्याकाळ सलाईनपुरते आणायचे, रात्री घरी उबेत ठेवायचे, तोंडावाटे पाणी केव्हा द्यायचे आणि केव्हा अजिबात द्यायचे नाही, कोणते लक्षण दिसले तर मध्यरात्रीही फोन करायचा, असे सारे एका कागदावर मराठीत लिहून दिले. पाचव्या दिवशी ते पिल्लू उभे राहिले. त्या तरुणाचे पिल्लू दाखल झाले, दोन रात्री राहिले, सुधारू लागले. आणि तिसऱ्या दिवशी, हिशेब वाढत चाललेला पाहून, ते दोघे ‘घरी नेऊन बघतो’ म्हणून त्याला घेऊन गेले ते पुन्हा आले नाहीत. फोन उचलला गेला नाही.

“सगळ्यात घातक वाक्य कुठलं म्हणाल,” डॉक्टरीणबाई त्या संध्याकाळी मला म्हणाल्या, “तर ‘पैशाचं काही बघू नका’. ते म्हणणारा खोटं बोलत नसतो हो, त्या क्षणी त्याला खरंच तसं वाटत असतं. पण त्यामुळे मी सर्वांत महाग योजना आखते आणि ती अर्ध्यात मोडते. चार हजारांत काय होतं ते मला करता येतं. मर्यादा माहीत नसली की मला काहीच नीट करता येत नाही.”

या उक्तीवर मी पुष्कळ विचार केला. आपल्या संस्कारांत द्रव्य आणि माया यांची गाठ एका वाक्यात घालणे हे असभ्यतेचे लक्षण मानतात. कुत्र्याने पळवलेल्या भाकरीला तूप लावण्यासाठी नामदेव वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही कथा प्रत्येक मराठी मुलाने ऐकलेली असते. त्या कथेत तुपाचा भाव कोणी विचारीत नाही. पण ज्या घरात तुपाची वाटी मोजकी आहे, तेथे भाव न विचारणारा माणूस कुत्र्याशी आणि घराशी दोघांशीही अप्रामाणिक होतो. रिक्षाचालकाने स्वतःची मर्यादा उघड मांडली, म्हणून त्या मर्यादेच्या आत जे शक्य होते ते सर्व घडले. ज्यांना ती मांडण्याची लाज वाटली, त्यांचा खर्चही झाला आणि पिल्लाचे काय झाले तेही कळले नाही.

विलंबाची किंमत

ही लाज दुसऱ्याही एका रूपाने काम करते. दवाखान्याची पायरी चढण्याआधी बहुतेकजण काही दिवस घरी घालवतात, आणि तेवढ्यात हळद, ताक, ओवा, शेजाऱ्यांच्या सूचना व घरातल्याच औषधांची पेटी यांचा प्रयोग होऊन जातो. यातले पुष्कळसे निरुपद्रवी असते. काही मात्र प्राणघातक असते. माणसाच्या सांधेदुखीवरची आयबुप्रोफेन कुत्र्याच्या जठराला व्रण पाडते आणि मूत्रपिंड निकामी करू शकते. कांदा-लसूण त्याच्या तांबड्या पेशी फोडतात. आणि द्राक्षे-मनुका, ज्यांच्यावाचून आपल्याकडे शिरा किंवा प्रसाद पुरा होत नाही, त्या कुत्र्याच्या मूत्रपिंडाला विषासारख्या ठरू शकतात. लाडाने भरवलेल्या प्रसादाचा हा परिणाम अनेकांना दवाखान्यातच प्रथम कळतो.

मूत्रपिंडाचा विषय निघाला की विलंबाचे गणित अधिकच निष्ठुर होते. रक्तातील क्रिएटिनिन वाढलेले दिसते तोवर मूत्रपिंडाची सुमारे तीन-चतुर्थांश कार्यशक्ती गेलेली असते. म्हणजे ‘थोडं जास्त पाणी पितोय, वय झालंय’ असे म्हणून जे महिने गेले, त्याच महिन्यांत स्वस्त उपचार शक्य होता, आणि पुढे विशेष आहार, रोजचे सलाईन आणि काही शहरांतून मिळणारे डायलिसिस हेच मार्ग उरतात. नसबंदी न केलेल्या प्रौढ कुत्रीच्या गर्भाशयात पू होण्याचा विकारही याच मालिकेतला. माजानंतर काही आठवड्यांनी ती सुस्त होते, पाणी फार पिते, घरातले थांबून पाहतात, आणि जी शस्त्रक्रिया निवांतपणे ठरवून अल्प खर्चात झाली असती, तीच आता मध्यरात्री, संसर्ग रक्तात पसरलेला असताना, अनेकपट दराने आणि जिवावर बेतून करावी लागते.

रूपाचे मोल

काही खर्च मात्र कुत्र्याबरोबरच विकत घेतलेला असतो. चपट्या नाकाचा पग जाहिरातींनी घरोघरी पोहोचवला. त्याचे ते रूप ज्या आखूड कवटीमुळे येते, तिच्यामुळेच त्याचा श्वासमार्गही आक्रसलेला असतो. कुत्र्याच्या अंगाला माणसासारखा घाम येत नाही, धापा टाकूनच तो शरीराची उष्णता बाहेर टाकतो. ज्याला धापच नीट टाकता येत नाही, त्याने विदर्भाचा मे महिना कसा काढावा? जर्मन शेफर्ड आणि लॅब्राडोर या जातींत खुब्याच्या सांध्याचा वंशपरंपरेने येणारा दोष सर्वश्रुत आहे. हिमप्रदेशासाठी निपजलेल्या सेंट बर्नार्ड आणि हस्की यांना नागपूर-छत्रपती संभाजीनगरात वातानुकूलित खोलीत ठेवावे लागते, आणि त्या खोलीचे वीजबिल हाही त्यांच्या आरोग्याचाच खर्च होय. सोलापूर-लातूरकडचा कारवानी आणि वस्तीतला साधा गावठी कुत्रा या हवामानात शतकानुशतके वाढले आहेत. त्यांना गोचीड चावते, पार्व्हो होतो, पण जन्मजात आजारांची ही खतपत्रे त्यांच्याबरोबर येत नाहीत. पिल्लू निवडण्याचा क्षण हाच पुढील बारा वर्षांच्या अंदाजपत्रकाचा पहिला क्षण असतो, आणि तेथे आपण फक्त रूप पाहतो.

विमा, दान आणि रक्त

या खर्चाची तजवीज करण्याचे जे सार्वजनिक मार्ग आहेत, ते मोजकेच. दुभत्या आणि ओढकामाच्या जनावरांच्या विम्याला सरकारी अनुदान मिळते. कुत्र्याला ते नाही. सार्वजनिक क्षेत्रातील विमा कंपन्यांच्या काही जुन्या योजना होत्या, आणि २०२० मध्ये बजाज अलियान्झने पाळीव कुत्र्यांसाठी स्वतंत्र विमा आणल्यापासून खासगी कंपन्याही या क्षेत्रात उतरल्या. परंतु पॉलिसीचा मजकूर बारकाईने वाचावा लागतो. पूर्वीपासूनचा आजार वगळलेला असतो, लस न दिल्यामुळे झालेला आजार बहुधा वगळलेला असतो, वयाची अट असते. विमा तरुण, निरोगी आणि लसीकरण झालेल्या कुत्र्यासाठी घ्यायचा असतो; आणि ज्याला त्याची आठवण होते तो माणूस बहुधा आजारी, वृद्ध कुत्रा मांडीवर घेऊन बसलेला असतो.

दानाचा मार्ग जुना आणि अजून चालू आहे. परळच्या रुग्णालयासारख्या धर्मादाय संस्थांत आणि पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या चिकित्सालयांत खासगी दवाखान्यांच्या मानाने माफक शुल्कात उपचार होतात. रांग मोठी असते, पण निष्णात अध्यापकांची नजर लाभते. जुलै २०२४ मध्ये मुंबईत महालक्ष्मी येथे टाटा न्यासाने १६५ कोटी रुपये खर्चून लहान प्राण्यांचे रुग्णालय सुरू केले. रतन टाटांनी आपल्या कुत्र्याच्या सांध्याच्या शस्त्रक्रियेसाठी त्याला पूर्वी अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात नेले होते, आणि तेथे पोहोचेपर्यंत उशीर झालेला होता, ही हकीकत त्यांनी स्वतः सांगितलेली आहे. विलंबाने गाठायला संपत्तीचीही आडकाठी होत नाही, हा त्या हकीकतीचा एक अर्थ. आणि ज्याच्याजवळ विमानाचे भाडे नाही त्याच्यासाठी रुग्णालय जवळ असावे, हा दुसरा.

सर्वांत हृद्य व्यवस्था मात्र लोकांनी आपापसात उभी केली आहे. रक्त चढवण्याची वेळ आली की भ्रमणध्वनीवरच्या गटांतून निरोप फिरतो, आणि पंचवीस किलोंच्या वरचा, तरुण, लसी पूर्ण झालेला, सोशिक स्वभावाचा एखादा कुत्रा आपल्या मालकासह तासाभरात हजर होतो. कुत्र्यांतही रक्तगट असतात. परंतु यापूर्वी कधी रक्त न मिळालेल्या कुत्र्याला पहिल्या वेळी ते बहुधा मानवते, आणि या निसर्गदत्त सवलतीवर अशी कितीतरी आयुष्ये लांबली आहेत. निवृत्त दांपत्याच्या त्या लॅब्राडोरला रक्त दिले ते शेजारच्या सोसायटीतल्या पहारेकऱ्याच्या रॉटवायलर-मिश्र कुत्र्याने. आजोबा पैसे देऊ लागले तेव्हा पहारेकरी म्हणाला, “आजोबा, उद्या माझ्यावर पाळी आली तर तुम्ही याल ना? मग झालं.”

मर्यादेचा उच्चार

ज्या घरांना यांपैकी काहीच साधत नाही, तेथे एका अप्रिय गोष्टीला तोंड फुटते. आजारी कुत्रा रात्री मोटारीतून दूर नेऊन सोडून देणारे लोक आहेत. प्राण्यांचा छळ प्रतिबंधक कायदा १९६० चा, त्यान्वये प्राण्याला उपासमारीच्या तोंडी टाकून देणे हा गुन्हा आहे, आणि पहिल्या गुन्ह्याचा दंड आजही दहा ते पन्नास रुपये आहे. दवाखान्याच्या पावतीपेक्षा गुन्ह्याची पावती स्वस्त ठेवणारा हा कायदा माणसाच्या सदसद्विवेकावर किती मोठा भरवसा टाकतो, हे पाहून विस्मय वाटतो.

आणि जेथे औषध उरलेले नाही, तेथे पशुवैद्याच्या हातून दिले जाणारे शांत मरण हाही एक उपचारच आहे. माणसाच्या बाबतीत ज्या निर्णयाला आपला कायदा अत्यंत संकोचाने स्पर्श करतो, तो कुत्र्याच्या बाबतीत एखादी गृहिणी दुपारी दीड वाजता, स्वयंपाक अर्धवट सोडून येऊन, घेत असते. डॉक्टरीणबाईंच्या मते या निर्णयात पैशाचा वाटा असतोच, आणि तो कबूल केला म्हणून निर्णय हीन ठरत नाही. “आणखी दोन महिने जगवता येईल, पण त्याला वेदना होतील आणि तुमची शिल्लक संपेल, असं मी स्पष्ट सांगते. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर आधी राग येतो, मग सुटका येते. कोणीतरी परवानगी दिली, असं वाटतं त्यांना.” मुंबईत २०२३ पासून मालाडला महानगरपालिकेने लहान प्राण्यांसाठी दहनाची सोय केली आहे, म्हणजे शेवटच्या प्रवासाला तरी सरकारी दप्तरात एक नोंद मिळू लागली.

या सर्वांतून काही व्यवहारी निष्कर्ष निघतात, आणि ते निबंधाच्या भाषेतही सांगण्यास हरकत नसावी. पिल्लू घरात येईल त्या दिवशी त्याच्या नावाने वेगळी रक्कम बाजूला पडू लागावी, मग ती महिन्याला पाचशेच का असेना. लस, गोचीड आणि नसबंदी या तीन बाबींना त्यात प्रथम हक्क असावा. पशुवैद्याने उपचारांचा अंदाज दोन-तीन पर्यायांत, कागदावर, आधी द्यावा आणि मालकाने आपली मर्यादा त्याच बैठकीत सांगावी. पशुसंवर्धन खात्याने तालुक्याच्या दवाखान्यांत आठवड्याचा एखादा वार लहान प्राण्यांच्या लसीकरणासाठी राखला, तर तिजोरीवर फारसा भार न पडता पार्व्होची आणि रेबीजची कितीतरी प्रकरणे उगवण्यापूर्वीच मिटतील. रेबीज तर माणसालाही होतो, तेव्हा येथे उत्पन्नाचे सदर शोधण्याचीही गरज नाही.

पण या तरतुदींच्या मुळाशी घरातला एक संवाद आहे, आणि तो कोणतेही खाते करून देऊ शकत नाही. आजींनी रात्री केलेली बेरीज आजोबांना त्याच रात्री सांगितली असती, तर खर्च कमी झाला असता असे नाही; तो दोघांनी मिळून केलेला झाला असता. ज्या घरात ‘एवढेच आहेत, एवढ्यात काय होईल?’ हे वाक्य लाज न वाटता उच्चारता येते, त्या घरात आजारी कुत्र्याला त्याच्या वाट्याचे सारे काही मिळते. आणि खतावणीत त्याला पान नसले, तरी पान आखायचा अधिकार घरच्यांकडे केव्हापासूनच आहे.